शब्दचर्चा: कापडाचं ‘हीटिंग बिहेविअर’ मराठीत कसं सांगावं?

धागेवाली:
नमस्कार. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळात विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मला वीस मिनिटं बोलायचं आहे. विषय माझ्याच प्रकल्पाचा. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा सुती कापडात विणायचा, त्यात वीज खेळवायची आणि कापड कुठे किती तापतं ते मोजायचं. शीर्षकातच अडले. मी लिहिलं, ‘विद्युतवाहक वस्त्रांचे तापन-वर्तन’. आईने वाचून विचारलं, “का गं, वस्त्रं बिघडलीत का?” मग ‘उबदार कापड’ केलं, तर वर्गातल्या हिंदी मैत्रिणी हसत सुटल्या. त्यांच्या लेखी ऊब म्हणजे कंटाळा. काय लिहू?

रामबागकाका:
आईचं बरोबर आहे. वर्तन माणसाचं असतं, शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ लिहितात ते. वस्तूला आपण वर्तन देत नाही. तवा कसा तापतो असं विचारतो, तव्याचं तापन-वर्तन कोणी विचारलेलं ऐकलं नाही.

मैत्रिणींना हसू द्या. हिंदीतल्या त्या ऊबचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे उबग, दोघांचं मूळ ‘उद्वेगा’त. आपली ऊब निराळी. तरीही ‘उबदार’ तुम्हाला चालायचं नाही, आणि त्याचं कारण मैत्रिणी नव्हेत. गोधडी उबदार असते, पण ती स्वतः काही करत नाही. अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. रिकाम्या खाटेवर रात्रभर पसरून ठेवा, पहाटे थंडगार. ऊब राखायची असते. तुमचं कापड उष्णता तयार करतं. आणि त्या शब्दाचं क्रियापद करायला जाल तर आणखी फसाल. ‘उबवणे’ कोंबडीने कधीच घेऊन टाकलंय.

धागेवाली:
कोंबडी लक्षात राहील! मग ‘तापवस्त्र’? शाळा हिंदी माध्यमाची, तिथे ‘ताप’ म्हणजे तापमान आणि ‘ऊष्मा’ म्हणजे उष्णता असं शिकले. म्हणून मला तो शब्द सरळ वाटतो.

रामबागकाका:
मंडळात ‘तापवस्त्र’ म्हणालात तर निम्मे लोक कपाळाला हात लावून बघतील. मराठीत ताप अंगात येतो, नाहीतर डोक्याला होतो.

मूळ_पुणेकर:
‘वाहक’ बद्दलही सावध. आमच्या पुस्तकांत वीज नेणारा पदार्थ म्हणजे वाहक, चांगला असला तर सुवाहक. तुमच्या हिंदी पुस्तकांत तोच चालक आणि सुचालक. आता एसटीत चालक कोण नि वाहक कोण ते आठवा. ‘वाहक वस्त्रे’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे खाकी गणवेश आणि तिकिटांची पेटी आली. ‘विद्युत’ लावून भागतं, पण शीर्षक जड होतं.

दीडशहाणा_ओहम:
शब्दांआधी हे सांगा, मोजलं काय? ते कळल्याशिवाय कापडाची ‘तऱ्हा’ ठरवायची कशी?

धागेवाली:
सांगते, थोडं लांब होईल. पाच व्होल्टची पॉवर बँक धरा. कापडाच्या पट्टीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५ ओहम असेल तर १ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ५ वॅट उष्णता निघते. रोध २.५ ओहम केला तर २ अँपिअर, १० वॅट. व्होल्टेज तेच असेल तर रोध निम्मा झाल्यावर उष्णता दुप्पट. इथे सगळे गोंधळतात, कारण ‘रोधामुळे तापतं’ एवढंच पाठ असतं. ज्यूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये छापलेला नियम सांगतो, उष्णता ठरते ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध यावर. रोध कमी केल्यावर प्रवाह वाढतो आणि वर्ग बाजी मारतो.

एकच लांब धागा असेल तर गोष्ट उलटते. त्यात सगळीकडे प्रवाह तोच, म्हणून धुण्यात जिथे मुलामा उडालाय तिथला रोध वाढतो आणि तीच जागा जास्त तापते. पण वीज आणणाऱ्या दोन कडांच्या मध्ये शेजारी शेजारी बरेच धागे असले, तर तुटलेला धागा नुसता गार पडतो, बाकीचे आपलं काम करत राहतात.

सुरुवातीला पारा भराभर चढतो, मग टेकतो. जितकी उष्णता तयार होते तितकीच हवेत जायला लागली की पुढे चढत नाही. वरून रजई टाकली तर तेवढ्याच वॅटवर पारा आणखी वर जाऊन टेकतो. घडी पडली तरी तेच, म्हणून मी पट्टी घडी करून कोणाच्या हातात देत नाही.

रामबागकाका:
बघा, तुम्हीच सोडवलंत. तापतं तुमचं कापड, ऊब देते रजई. आणि ‘टेकतो’ फार छान. ‘स्थिरावस्था प्राप्त होते’ असं लिहू नका, हात जोडतो.

दीडशहाणा_ओहम:
विणलेलं म्हणजे कोणतं विणलेलं? स्वेटरही विणतात आणि साडीही. मराठीत दोन्हींना एकच क्रियापद.

धागेवाली:
खरंच, हे लिहायचं राहिलं. माझं मागावरचं आहे, उभे-आडवे धागे. मैत्रिणीचं सुयांवरच्या विणीसारखं, टाक्यांचं. तिचं कापड ताणलं की टाक्यांचे एकमेकांना टेकण्याचे बिंदू बदलतात आणि रोधही बदलतो. कोपर वाकवला की आकडे हलतात, ती वैतागते. माझं त्या मानाने शहाणं आहे. (वर्तन चांगलं!)

माहेश्वरी_काठ:
महेश्वरच्या साड्यांशी माझा रोजचा संबंध, म्हणून एक सुचवते. चांदीची तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची, याला आपल्याकडे जुना शब्द आहे: कलाबतू. आत मऊ धागा, वर धातू. तुमच्या नायलॉनवर मुलामा आहे, गुंडाळणं नाही, हे कबूल. पण काही वीजवाहक धागे खरोखर तार गुंडाळूनच करतात. त्यांना तरी कलाबतू म्हणा.

मूळ_पुणेकर:
म्हणजे आजीच्या शालूला बॅटरी जोडली तर तापेल?

माहेश्वरी_काठ:
हात नका लावू! अस्सल चांदीची जर म्हणजे रोध अगदी कमी, प्रवाह भसकन वाढेल आणि खाली रेशीम आहे. हल्लीची प्लास्टिकची जर असेल तर बहुधा काहीच होणार नाही, तिच्या धातूवर लाखेसारखा थर असतो.

धागेवाली:
कलाबतू घेतला. व्याख्यानात एक वाक्य त्यावरच. शीर्षक आता असं: ‘वीज खेळवली की कापड कसं तापतं’. आई वाचून काहीच बोलली नाही, म्हणजे पास.

एक शेवटचं. जास्त तापणाऱ्या जागेला इंग्रजीत हॉटस्पॉट म्हणतात. मराठीत? मोबाइलवाला हॉटस्पॉट नको.

दीडशहाणा_ओहम:
‘तप्तबिंदू’.

रामबागकाका:
बिंदू कसला, हातभर पट्टीत बोटभर जागा ती. गुडघ्याला शेक देताना एखाद्या ठिकाणी पिशवी जास्त लागली की आपण काय म्हणतो? ‘इथे चटका बसतो.’ चटक्याची जागा म्हणा.

माहेश्वरी_काठ:
चटका शब्द ऐकला तर मंडळातली एकही काकू ती पट्टी गुडघ्याला बांधून घेणार नाही.

धागेवाली:
विकायची नाहीये हो, मोजायची आहे. चटक्याची जागा, ठरलं.