मदत हवी आहे: दिल्ली–हानेडा उड्डाणवेळेचा हिशेब

दिल्ली ते टोकियोचा हानेडा विमानतळ सरळ अंतर सुमारे ५८५० किमी. ताशी ८८० किमी वेग धरला तर ६ तास ४० मिनिटं, टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं) आणि चढ-उताराची ३० मिनिटं धरून ७ तास १० मिनिटं. जाताना हे बऱ्यापैकी जुळतं. परतीला हिवाळ्यात मात्र साडेनऊ तासांच्या पुढे जातं! घड्याळातला साडेतीन तासांचा फरक हिशेबात धरलेला आहे, म्हणजे चूक तिथे नाही. जेट प्रवाहाचा (खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा) समोरचा वारा सरासरी किती धरावा? शिवाय तिबेटवर केबिनचा दाब गेला तर विमानाला श्वास घेता येईल अशा १०,००० फुटांपर्यंत उतरता येत नाही, कारण खालचं पठारच त्याहून उंच आहे, त्यामुळे मार्ग दक्षिणेकडून वळतो. त्यासाठी अंतरात किती टक्के वाढवावेत? जाणकारांनी कृपया आकड्यांसह सांगावं.