पणजीचं माहेर कसं शोधावं?

रानजाई:
आमच्या घरी वडिलांकडची वंशावळ आहे. चुलत आजोबांनी काढलेली, फ्रेम करून देवघराशेजारी लावलेली. सात पिढ्या, आणि एकाही चौकटीत बाईचं नाव नाही. मला शोधायची आहे आईच्या आईची आई. लग्नात तिचं नाव सरस्वती ठेवलं. माहेरचं नाव कुणालाच आठवत नाही. ओतूरजवळच्या कुठल्याशा वाडीतली, एवढं आजी सांगायची. जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत लेण्याद्रीचा गणपती हमखास यायचा. आजी, आई आणि मी, तिघींची डाव्या हाताची करंगळी आत वळलेली आहे. पणजी ज्या घरातून आली त्या घराचा मला पत्ता नाही, याचं खरंच वाईट वाटतं. पणजी 1984 साली गेली. तिच्या भावाचं पूर्ण नाव आईला माहीत आहे. सुरुवात कुठून करू?

माळरान:
भावाचं नाव आहे म्हणजे निम्मं काम झालं. जुन्नर तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या भागातले जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मागा. तिचे वडील 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर गेले असतील, तर वारस नोंदीत भावाबरोबर तीही सापडू शकते, 'सरस्वती भ्र. अमुक' अशी, म्हणजे अमुकची बायको. तिथे नसेल तर बहिणींच्या हक्कसोडीचा फेरफार बघा. जमिनीवरचा हक्क सोडताना का होईना, बायकांची नावं कागदावर येतात. नोकरीत असे फेरफार खूप हाताळले, दर वेळी पोटात कालवायचं. जन्माची नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. पण तिथे बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी' एवढंच असतं. त्या काळातलं बरंचसं मोडी लिपीत आहे.

गोदाकाठ:
त्र्यंबकेश्वरला जाऊन या. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्याय कोण ते कळतं. माझ्या आजोळच्या पानावर मुलग्यांच्या खाली 'कन्या चिमा' लिहिलेलं सापडलं. घरात त्या चिमाबद्दल कुणी कधी ऐकलंही नव्हतं.

अनिकेत_पुणे:
डीएनए चाचणी का नाही करत? मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडूनच येतो. आणि एक मनापासून विचारतो, नाव मिळून काय बदलेल?

रानजाई:
अनिकेत, त्या चाचणीतून हजारो वर्षांपूर्वीचा गट कळेल, वाडीचं नाव नाही कळणार. काय बदलेल विचारलंत. 'मूळच्या कुठल्या?' असं कुणी विचारलं की मी आजवर वडिलांचं गाव सांगत आले. त्या गावात मी जत्रेपुरती जाते. माझं बोलणं, माझा हट्टी स्वभाव, पिठल्यात हिरवी मिरची ठेचूनच घालायची ही सवय, सगळं आईकडून आलंय. तिला तिच्या आईकडून. ती बाजू कुठेच लिहिलेली नाही. माझ्या मुलीसाठी मी ती लिहिणार आहे, सरस्वतीपासून, आणि तिच्या आईचं नाव मिळालं तर तिच्यापासून.

माळरानदादा, पुढच्या महिन्यात आईला घेऊन जुन्नरला जातेय. जाण्याआधी तिला येतात तेवढ्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून घेते. त्यात माहेरच्या गावांची नावं असतात. जुन्नर-नारायणगावकडे मोडी वाचून देणारं कुणी आहे का? मानधन देईन.