जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा की मूळ रूपातच जपावा?

मूळ धागा

१९९० नंतरची दीड-दोन दशके मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक मोठ्या प्रमाणावर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर जुळवले गेले. प्रत्येकीची अक्षरसंकेतांची मांडणी निराळी असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या फाइलींत रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक गुंताच दिसतो. पाने मांडण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या आताच्या आवृत्त्या त्याच्या फाइली उघडतही नाहीत. म्हणजे डिस्क शाबूत असूनही मजकूर हातचा गेलेला असतो. या मांडण्या तोंडपाठ असलेले अक्षरजुळणीकार अजून कामात आहेत, तोवरच सारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतांत, आणून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

मी पूर्ण असहमत आहे. जुन्या फॉन्टांत ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके याच्या उलट आहे. परिवर्तक (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी सॉफ्टवेअरे) याच ठिकाणी आणि जोडाक्षरांत चुकतात, आणि ती चूक शब्द म्हणून खपून गेली तर पुढच्या पिढीला ती लेखकाचीच वाटेल. हजारो पानांचे मुद्रितशोधन करणार कोण? त्यापेक्षा छापील अंक स्कॅन करावेत, मूळ फाइल फॉन्टसह ठेवावी आणि २००५ साली प्रमाणित झालेल्या पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या स्वरूपात प्रती कराव्यात, कारण त्यात फॉन्ट फाइलीतच समाविष्ट असतो.

प्रतिसाद २

फॉन्ट ठेवून भागत नाही. त्या काळच्या अनेक मराठी सॉफ्टवेअरना संगणकाच्या मागे डाँगल (परवान्याची खूण म्हणून जोडायचे छोटे उपकरण) लावावा लागे. तो हरवला की विकत घेतलेले सॉफ्टवेअरही चालत नाही.

धागाकर्ता

पीडीएफ-ए प्रतीत पान सुबक दिसेल, हे मान्य. परंतु आत संकेत जुनेच राहिले, तर त्यात एखाद्या गावाचे किंवा व्यक्तीचे नाव शोधता येत नाही आणि उतारा चिकटवला की पुन्हा तोच गुंता उमटतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद टिकले आहेत, पण ते वाचणारे मोजकेच असल्याने त्यांतला फार मोठा भाग अभ्यासकांच्या आवाक्याबाहेर आहे. कालपरवाच्या मजकुराची तीच गत आपण होऊ द्यावी काय? मूळ फाइल पुसावी असे मी म्हणतच नाही. तिच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा आकडा) ठरावीक काळाने पडताळावा.

प्रतिसाद १

केवळ शोधण्यापुरते रूपांतर करायला माझी हरकत नाही. मात्र प्रत्येक प्रतीवर ‘यंत्राने रूपांतरित, मुद्रितशोधन झालेले नाही’ अशी नोंद असावी आणि उद्धरण नेहमी मूळ पानावरूनच घ्यावे. कवितेच्या बाबतीत तर या अटीत मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही, कारण तिथे एक वेलांटी सरकली तरी वृत्त मोडते.