जीमॉनची फाइल सापडत नाही म्हणून जीप्रॉफ टाकाऊ?

सातपूरकर: "जीप्रॉफ फाइल कुठेही टाकतो, कधी टाकतच नाही, १९८२ सालचं टूल, फेकून द्या." काल हे वाचलं आणि राहवलं नाही. जीप्रॉफ म्हणजे प्रोग्रामचा कुठला भाग किती वेळ खातो ते मोजणारं टूल, आणि ते फाइल वाटेल तिथे टाकत नाही हो! प्रोग्राम संपताना ज्या डिरेक्टरीत असतो, तिथेच जीमॉन डॉट आउट ही मोजमापांची फाइल पडते. अंबडच्या एका कारखान्यात मशीनची रीडिंग गोळा करणारा आमचा डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम, होता. बिल्डच्या फोल्डरमध्ये दोन दिवस शोधलं. तो सुरू होताच रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत, जाऊन बसायचा, फाइलही तिथेच. आणि तुम्ही प्रोग्राम किल कमांडने मध्येच थांबवत असाल तर फाइल येणारच नाही. मेन फंक्शनमधून रीतसर बाहेर पडा, नाहीतर एक्झिट बोलवा.

दुसरी_शिफ्ट: ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. दोन दिवस तुमचेही गेलेच ना? माझा प्रोग्राम स्वतःच पाच चाइल्ड प्रोसेस, म्हणजे उप-प्रोग्राम, सुरू करतो. फाइल मिळाली एक! जी शेवटी संपली तिने बाकीच्यांचं पुसलं. पर्फ हे तसंच दुसरं टूल निदान आधीची फाइल ओल्ड नावाने बाजूला ठेवतं.

सातपूरकर: एकच ठेवतं. तिसऱ्यांदा चालवा, पहिली गेली. जीप्रॉफसाठी जीमॉन आउट प्रिफिक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा, प्रत्येक फाइलच्या नावाला पीआयडी, म्हणजे त्या प्रोसेसचा नंबर, लागेल. मॅन्युअल कुणी उघडतच नाही.

लॅबवाल्या_मॅडम: मॅन्युअल उघडायला वेळ कोण देतं? आमच्याकडे प्रॅक्टिकल दोन तासांचं, त्यातला अर्धा तास लॉगिनमध्ये जातो. जीप्रॉफसाठी लागणारा पीजी फ्लॅग कंपाइलला दिला, लिंकला विसरला, की मुलांची फाइल येत नाही. मुलं शेजारच्याचा आउटपुट जर्नलला चिकटवतात.

दुसरी_शिफ्ट: आणि तीच मुलं आमच्याकडे येतात. एकाने डॉट आउट दिसेल ते सगळं उडवलं, त्यात आठवड्याची मोजमापं गेली.

लॅबवाल्या_मॅडम: बॅकअप नव्हता, हा दोष मुलाचा? पहिल्याच महिन्यात त्याच्या हाती सर्व्हर दिलात तुम्ही. माझ्या विद्यार्थ्यांवर खापर फोडू नका.

दुसरी_शिफ्ट: सर्व्हर मीच दिला होता. ते मान्य.

सातपूरकर: मुलांचं राहू द्या. एक गोष्ट मलाही मान्य करावी लागेल: जीप्रॉफ सेकंदाला साधारण १०० नमुने घेतो, म्हणजे प्रोग्राम तेव्हा कुठे आहे ते बघतो. काम क्षणात संपलं तर वेळेच्या रकान्यात नुसती शून्यं. तिथे पर्फच वापरा.

दुसरी_शिफ्ट: बरं. आज रात्री प्रिफिक्स लावून चालवतो. पाच फाइल आल्या नाहीत तर सकाळी इथेच विचारेन.