दुपिकी बागायत जमीन, सातबाऱ्यावर मात्र जिरायत: संपादनाला हरकत कशी घ्यायची?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. गट 1 हेक्टर 20 आर. विहीर आहे, नदीवरची सामाईक पाइपलाइनही आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. सातबाऱ्यावर मात्र सगळं क्षेत्र जिरायत, आणि गाव नमुना बारामध्ये दोन वर्षं फक्त खरिपाची नोंद, रब्बीला 'पड'. आता शासकीय गोदामांसाठी 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 11 ची (प्राथमिक) अधिसूचना निघाली आहे. दुपिकी बागायत घेता येत नाही म्हणतात, त्याला आधार कोणता?

बांधावरचा: आधार कलम 10 चा. पण 'घेता येतच नाही' असं ते कलम म्हणत नाही. दुसरा काहीच इलाज नाही हे दाखवून, अपवाद म्हणून, राज्याने ठरवलेल्या क्षेत्रमर्यादेत घेता येते. घेतली तर तेवढीच लागवडीलायक पडीक जमीन विकसित करायची, नाहीतर जमिनीच्या किमतीएवढी रक्कम शेतीतल्या गुंतवणुकीसाठी सरकारकडे जमा करायची.

म्हणून हरकतीत नुसतं 'जमीन सुपीक आहे' लिहू नका. कोणत्या पर्यायी जागा पाहिल्या आणि त्या का नाकारल्या, जिल्ह्याची मर्यादा किती आणि त्यातली किती वापरली गेली, बदली पडीक जमीन कोणत्या गटात विकसित होणार, हे विचारा. शेजारी पडीक किंवा मुरमाड गट असतील तर त्यांचे नंबर द्या, गावनकाशाची प्रत जोडा. गट नंबर दिला की उत्तर देणाऱ्याला 'पर्याय उपलब्ध नाही' एवढ्यावर भागवता येत नाही.

मुदत कलम 15 प्रमाणे 60 दिवस. अधिसूचना राजपत्रात, वर्तमानपत्रांत आणि गावात वेगवेगळ्या दिवशी लागते, त्यामुळे सगळ्यात आधीची तारीख धरून चाला. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, आवक क्रमांकाची पोच घ्या, 'समक्ष म्हणणे ऐकावे' हे वाक्य त्यातच टाका.

नमुना_बारा: खरी अडचण नोंदीची आहे. ई-पीक पाहणीत (शेतकऱ्याने मोबाइल ॲपवर करायची पीकनोंद) रब्बी भरली नाही की गहू उभा असतानाही कागदावर पड. ॲपमध्ये स्वतःची नोंद दुरुस्त करायला 48 तास मिळतात. हंगाम उलटल्यावर मागची पाहणी बदलून मिळणं फार अवघड, त्यात अधिसूचनेनंतर केलेली दुरुस्ती संशयाने पाहिली जाते. यंदाची रब्बी मात्र चुकवू नका. 'जलसिंचनाचे साधन' रिकामं ठेवू नका आणि फोटो गटात उभं राहूनच काढा.

मागच्या दोन वर्षांसाठी स्वतंत्र पुरावा उभा करा. पाटबंधारे शाखेतले पाणी मागणीचे नमुना 7 आणि पाणीपट्टीच्या पावत्या, शेतीपंपाचं वीजबिल, रब्बीचा पीकविमा, सोसायटीचं पीककर्ज. त्याला उपग्रहचित्रांची जोड द्या. सेंटिनेल-2 ची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे तुमच्या गटात साधारण 120 पिक्सेल बसतात. जानेवारीतली ढग नसलेली तारीख निवडा. गहू तेव्हा हिरवा असतो, पड रान करडं दिसतं. बांधाकडेचे पिक्सेल सोडा, त्यात झाडं आणि शेजारचं पीक मिसळतं.

शिवाय कलम 11(5) वाचा. कलम 19 ची (संपादनाची अंतिम) घोषणा होण्याआधी अभिलेख अद्ययावत करायचं काम जिल्हाधिकाऱ्यांवर आहे, दोन महिन्यांत. जिरायतची बागायत करण्याचा अर्ज याच पोटकलमाचा उल्लेख करून द्या. 'दुपिकी बागायत'ची व्याख्या कायद्यात नाही, त्यामुळे निवाडा शेवटी पुराव्यावरच होतो.

गट_फोड: हे सगळं करण्याआधी एक गोष्ट तपासा. महाराष्ट्राने 2018 च्या दुरुस्तीने कलम 10अ घातलं. ग्रामीण पायाभूत सुविधा, औद्योगिक क्षेत्र वगैरे प्रकल्पांना सरकार प्रकरण 2 आणि 3 मधून सूट देऊ शकतं, आणि कलम 10 हेच प्रकरण 3 आहे. सूट निघाली असेल तर ही ढालच जाते, सामाजिक परिणाम मूल्यांकनही जातं. गोदामं 'ग्रामीण पायाभूत सुविधा' म्हणून बसवली जाऊ शकतात, तेव्हा सुटीच्या अधिसूचनेची प्रत माहिती अधिकारात आजच मागा. सूट असली तरी कलम 15 प्रकरण 4 मध्ये असल्याने जागेच्या योग्यतेवर हरकत घेता येते.

रस्ता, रेल्वे, कालवा, वीजवाहिनी अशा लांबट प्रकल्पांना कलम 10 लागूच नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3अ ची अधिसूचना असेल तर मुदत फक्त 21 दिवस. अनेकांची हरकत 60 दिवस धरून बसल्यामुळे बुडते.

कृष्णाकाठ: विहिरीची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नाही. मोजणीला काय काळजी घ्यावी?

नमुना_बारा: संयुक्त मोजणीच्या दिवशी हजर राहा. विहिरीचा व्यास, खोली, बांधकाम, पंपाची एचपी, जमिनीखालच्या पाइपलाइनची लांबी आणि इंच, झाडांची जात व वय पंचनाम्यात लिहून घ्या. पाइपलाइन दिसत नाही म्हणून सुटते, एक-दोन ठिकाणी उकरून दाखवा. काही राहिलं तर पंचनाम्यावर नुसती सही करू नका, 'अमुक बाबी नोंदवल्या नाहीत, हरकतीसह' असं लिहून सही करा. पुढे मोबदल्याचा वाद कलम 64 खाली नेताना याच पंचनाम्याची प्रत पहिल्यांदा मागतात, म्हणून ती त्याच दिवशी घ्या.