मरीमायला छप्पर, वर कुलूप

निंबाखालचा
काल एकानं लिहिलं, ‘शेंदूर फासलेला दगड हटवा, सुंदर दुर्गा बसवा, बोकड बंद करा, गाव सुधरेल.’ आमच्या गावात, बोकड सोडला तर, हेच केलं बाप्पा! पटकी-देवीसारख्या रोगांपासून गाव राखणारी मरीमाय शिवेवर निंबाखाली उघडी बसायची. आता टाइल्सची खोली, संगमरवरी मूर्ती, ग्रिलला कुलूप. आजी म्हणे, मरीमायला छप्पर सोसत नाही. राखणदारीणच कोंडली तर शिव कोण राखील?

गुरुजी
पटकी शुद्ध पाण्यानं हटली. देवीचा रोग लसीनं गेला, १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी पोरीच्या बारशाला मटण-दारू नाकारून गोड जेवण घातलं, त्याला शंभरावर वर्षं झाली. आपण अजून बोकडापाशीच.

रोडगा
बोकडाचं निघालंच तर इचारतो, मुंडी कोनाची? मी याच गावचा. मागच्या आखाडीत बोकड माहा, साडेअकरा हजाराचा, अन् मुंडी गेली समितीच्या अध्यक्षाकडं! काहून?

गुरुजी
इथं विवेकाची चर्चा चालली आहे, मुंडीची नाही.

रोडगा
तुमच्या ताटात रस्सा आला तवा विवेक कुठं होता जी?

वेशीबाहेरचा
मुंडीचा मान आमचा होता. मान कसला, गावकी ती, गावानं लादलेलं काम! रोगराईत मरीमायचा गाडा वेशीबाहेर ओढायचा आम्ही, घरात पाय ठेवू नका म्हणायचं तुम्ही. आज्यानं १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली अन् तो मान सोडला. निंबाखालची माय आठवून गहिवरता, तिच्यापाशी कोण बसायचं तेही आठवा.

चांदेकर
छप्पर सोसत नाही म्हणणाऱ्यानं चैत्रात चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला यावं. महाकालीचं देऊळ गोंड राणी हिराईनं बांधलं. नांदेडाकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपट नदीत अंघोळ करतात, अंगात येतं. छपराखाली ती मवाळ झाली नाही. फक्त झरपटीचं पाणी पाहू नका, पाहवत नाही.

निंबाखालचा
बरं, छपराचं हरलो. वेशीबाहेरच्या भाऊला उत्तर नाही माझ्याकडं; आजीनं ते सांगितलंच नव्हतं. पण कुलूप नको म्हणजे नको. अध्यक्षाला सांगतो, चुलताच आहे माझा.

रोडगा
म्हंजे मुंडी तुमच्याच घरी शिजली!