मदत हवी आहे: माझा खलनायक स्वतःहून काही करतच नाही
मंडळी, दर शनिवारी एक भाग अशी क्रमशः कथा लिहितेय, नऊ भाग झालेत. गोष्ट बार्शीकडच्या एका बेकायदा सावकाराची. व्याजाच्या पैशापोटी तो गहाणखत नाही, सरळ खरेदीखतच करून घेतो. सातबाऱ्यावर नाव चढलं की संपलं. नायिका 2014च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकार खात्याचे जिल्ह्यातले अधिकारी) अर्ज करते आणि तिथून घोडं अडलंय.

दर भागात हालचाल तिचीच. ती अर्ज करते, मग हा धमकावतो. ती साक्षीदार शोधते, मग हा त्याला फोडतो. सातव्या भागात एकदाच जमलं: तिला पत्ता लागायच्या आत तिच्या भावाच्या लग्नाचा मंडप यानेच घालून दिला, आणि पानसुपारीचं ताट पुढं करत म्हणाला, "ताई, घरचंच कार्य आहे." वाचक त्या भागावर भरभरून बोलले.

हे दर आठवड्याला कसं साधायचं? त्याचा डाव वाचकाला आधीच दाखवावा, की तिच्यासोबतच कळू द्यावा? पडद्यामागं तो काय करतोय याची वेगळी वही ठेवता का कुणी? दहावा भाग याच शनिवारी द्यायचाय.